करडे गावचे घर

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. इ. स. १८७४ च्या डिसेंबर महिन्यात या गावी एक राहते घर पाडावयास आरंभ झाला. घर बाबासाहेब देशमुख नावाच्या, चांगल्या कुळातील व गावात वजन असलेल्या गृहस्थाचे. पाडविणारा काळूराम नावाचा मारवाडी सावकार. काळूरामाने देशमुखांवर दिवाणी कोर्टातून हुकूमनामा मिळविला होता व त्याच्या बजावणीत देशमुखांची मालमत्ता त्याच्या हाती गेली होती. प्रकरण सारे दीडशे रुपयांचे. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर काळूरामाच्या हातून कोणताही अपराध घडला नव्हता. त्याचे येणे होते, कोर्टाने ते मान्य केले होते, आणि हाती आलेल्या वस्तूचे काय करावयाचे हा त्याचा प्रश्न होता. गावकऱ्यांना मात्र हे मुळीच पटले नाही. देशमुखाच्या घराच्या तुळया खाली येताना पाहून प्रत्येकाला आपल्या घराच्या तुळया दिसू लागल्या असल्यास नवल नाही. कारण त्या पंचक्रोशीत ज्याचे नाव सावकाराच्या वहीत नाही असे घर शोधूनच काढावे लागले असते.

गावाने जे केले ते जुन्या रीतीला धरूनच होते. सावकारावर बहिष्कार पडला. त्याचे शेत कोणी करावयाचे नाही, त्याचे पाणी कोणी भरावयाचे नाही, न्हाव्याने त्याची हजामत करावयाची नाही, गड्याने चाकरी धरावयाची नाही, त्याच्या दुकानातून जिन्नस घ्यावयाचा नाही. ही चाल एका गावाहून दुसऱ्या गावी गेली. कित्येक गावांनी आपापसात संमतिपत्रे लिहून काढली आणि जो कोणी सावकाराची चाकरी करील त्यास गावाने वाळीत टाकावे असे ठरविले. घर जाण्याच्या बेतात असलेल्या माणसाला त्या काळी जी पहिली मदत मिळाली ती अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची होती. ती मनापासूनची होती. पण तिने कोणाचे घर परत मिळाले नाही. बहिष्काराने सावकाराची गैरसोय होते, त्याच्या पेटीतील खत जागच्या जागी राहते.

गावकऱ्यांना हे लौकरच उमगले असावे. इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या खेड्यांतील कुणबी जमले आणि त्यांनी गुजराती सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. त्यांची मागणी ठराविक होती: खते बाहेर काढा, हुकूमनामे बाहेर काढा. ती हाती आली की त्यांची रस्त्यात होळी व्हावयाची. काही दिवसांतच दंग्याचे हे लोण पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांतील तिसांहून अधिक गावी पोहोचले. लष्कर बोलवावे लागले, साडेनऊशेच्या सुमारास माणसे पकडली गेली व त्यांतील निम्म्यांहून थोड्या अधिकांना शिक्षा झाल्या. इतका मोठा दंगा होऊनही सावकारांच्या अंगाला हात लागल्याचे प्रकार तुरळकच होते. जेथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. इंग्रज अधिकाऱ्यांना या गोष्टीचे मोठे आश्चर्य वाटले. वस्तुतः त्यात आश्चर्य करण्याजोगे काही नव्हते. कुणब्याचे वैर कागदाशी होते.

या कागदाला एवढे बळ कोठून आले हे पाहिल्याशिवाय पुढील कथा समजावयाची नाही. सावकारी या देशात काही नवी नव्हती. पेशवाईतही कुणबी कर्ज काढीत असे आणि सावकार तगादा लावीत असे. तो दारात धरणे धरून बसे, भाऊबंदांकडे तक्रार नेई, पाटलाला मध्ये घाली, आणि अखेर पंचायत भरून काही देवघेव ठरे. पंचायतीच्या पंचांना ऋणकोची ऐपत ठाऊक असे, आणि सावकाराचा स्वभावही ठाऊक असे. कुळ पार बुडाले तर सावकाराचेही बुडाले, ही जाणीव दोघांनाही होती. इंग्रजी अंमल आल्यावर पंचायतींचे महत्त्व ओसरले आणि त्यांच्या जागी दिवाणी कोर्टे आली. इ. स. १८५९ च्या दिवाणी कामाच्या कायद्याने हुकूमनाम्याच्या फेडीसाठी जमीन, घर, गुरे, भांडीकुंडी सर्व काही जप्त करून लिलावात काढण्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी मुदतीचाही कायदा झाला. साध्या खतावरील दावा तीन वर्षांच्या आत आणला पाहिजे, असा त्याचा नियम. जुनीपुराणी देणी उकरून काढून सावकाराने कुळाला छळू नये, हा त्यातला हेतू. हेतू चांगला, पण फळ नेमके उलटे आले.

ते कसे, हे थोड्या आकड्यांवरून ध्यानात येईल. एखाद्या कुणब्याने शंभर रुपये दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजाने घेतले असे समजावे. तीन वर्षांत व्याज बहात्तर रुपये झाले. मुदत संपत आली, तेव्हा सावकार म्हणावयाचा, नवे खत लिहून दे, नाही तर दावा करतो. नवे खत एकशे बहात्तरांचे. आता मुद्दलच एकशे बहात्तर. आणखी तीन वर्षांनी पुन्हा नवे खत, सुमारे दोनशे शहाण्णवांचे. आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस पाचशे नऊ. आपल्याकडे दामदुपटीचा फार जुना नियम आहे: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. त्या नियमाने हे कुळ फार तर दोनशे रुपये लागले असते. पण प्रत्येक नव्या खताने व्याज पोटात घालून नवे मुद्दल जन्माला येई आणि दामदुपट तिष्ठत बाहेर उभी राही. मध्यंतरी कुणब्याने खळ्यावरचे धान्य दिले असेल, तूप दिले असेल, सावकाराच्या शेतात राबला असेल. त्याची पावती कोण देतो? खतावर अंगठा कुणब्याचा, अक्षर सावकाराचे. कोर्टापुढे खत आले की अंगठा तुझाच ना, एवढाच प्रश्न.

पुष्कळ वेळा तो प्रश्नही विचारला जात नसे. कोर्ट तालुक्याच्या गावी. तेथवर जावयाचे म्हणजे दोन दिवसांचे काम बुडणार, वकिलाला पैसे पडणार. काही ठिकाणी समन्स पोहोचतच नसे, काही ठिकाणी सावकारच सांगे की तू कशाला येतोस, मी तुझ्यावर थोडीच बजावणी करणार आहे. बहुसंख्य हुकूमनामे त्यामुळे एकतर्फी होत. कुणब्याला हुकूमनाम्याची पहिली बातमी बेलिफाच्या तोंडून कळे.

यातच अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या दरम्यान, कापसाला सोन्याचे मोल आले. सावकाराने हात सैल सोडला, कुणब्यानेही घेतले. युद्ध संपले, भाव कोसळले. आणि याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून इंदापूर, भीमथडी वगैरे तालुक्यांत जमिनीची पाहणी पुन्हा झाली व सारा पुष्कळच वाढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध तक्रार केली होती. सारा रोख द्यावयाचा, ठरल्या तारखेला द्यावयाचा. पीक घरात येवो न येवो. तो भरण्यासाठी पुन्हा सावकाराचाच उंबरठा. सावकाराच्या बाजूनेही येथे एक शब्द बोलला पाहिजे. अडल्या वेळी पैसा देणारा दुसरा कोणी गावात नव्हता. सरकार सारा सोडीत नव्हते, आणि पतपेढी ही वस्तू अजून जन्माला यावयाची होती. १८७५ नंतर सर्व रोष मारवाडी व गुजराती सावकारांवर गेला, तरी ब्राह्मण आणि मराठा सावकारांची खतेही काही निराळ्या शाईने लिहिलेली नव्हती.

दंगे शमल्यावर सरकारने चौकशी-मंडळ नेमले आणि त्याचा अहवाल १८७६ मध्ये सादर झाला. त्यात नगर जिल्ह्यातील काही गावांच्या तपशीलवार पाहणीवरून काढलेले निष्कर्ष आहेत: सरकारी जमीन धारण करणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोक कर्जात रुतलेले होते, त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या साऱ्याच्या अठरापट होते, आणि त्यातील जवळजवळ दोनतृतीयांश कर्ज जमिनीच्या गहाणावर दिलेले होते. शेवटचा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे सारे घोडे तेथेच अडले.

सरकार चौकशी करीत असताना पुण्यात दुसरा एक प्रयत्न सुरू झाला. ‘सार्वजनिक काका’ या नावाने महाराष्ट्राला परिचित असलेले गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी लवाद कोर्ट स्थापन केले. धनको आणि ऋणको या दोघांनी आपखुशीने यावे, सभ्य व जाणत्या गृहस्थांपुढे हिशेब ठेवावा आणि कोर्टखर्चावाचून निकाल घ्यावा, अशी ती योजना होती. मोडून गेलेल्या पंचायतीचे नव्या पद्धतीने केलेले हे पुनरुज्जीवन होते म्हणावयास हरकत नाही. त्यातील दुबळेपणाही उघड आहे. ज्याच्या हाती हुकूमनामा तयार आहे त्याने लवादाकडे आपखुशीने का यावे?

मध्यंतरी १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला. १८७९ च्या आरंभी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. कायदा करावयास आता विलंब करणे सरकारला परवडण्याजोगे नव्हते. गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात होप या अधिकाऱ्याने विधेयक मांडले आणि १८७९ चा सतरावा कायदा मंजूर झाला. ‘डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट’ हे त्याचे इंग्रजी नाव. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत तो १ नोव्हेंबर १८७९ पासून चालू झाला.

या कायद्याने कोणाचेही कर्ज माफ केले नाही, कोणाला सरकारी तिजोरीतून एक पैही दिली नाही. त्याचा सारा भर हिशेबावर होता. शेतकऱ्यावरील दाव्यात न्यायाधीशाने केवळ खतावर विसंबू नये, खताच्या पाठीमागे जावे. व्यवहाराच्या मुळारंभापासून चौकशी करावी, मुद्दल व व्याज यांची खाती निरनिराळी मांडावी, व्याजाला मुद्दलाचे रूप देऊ नये, आणि दामदुपटीची मर्यादा पाळावी, असे त्याने फर्माविले. ‘हे खत मी राजीखुशीने लिहून दिले, मागील सर्व हिशेब समजला’ असे कुणब्याने लिहून दिले असले तरी तो हिशेब उकलण्यास ते आड येत नसे. प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घेण्याचेही कोर्टावर बंधन आले, त्यामुळे एकतर्फी निकालांचा मारा थांबला. सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब द्यावा, पासबुक द्यावे, आणि खत गावच्या नोंदणी-कामगारापुढे व्हावे, अशीही कलमे होती. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. शंभर रुपयांच्या आतील दाव्यांत वकिलांना मज्जाव केला होता. ही तरतूद वकीलवर्गाला रुचली नाही, हे सांगावयास नकोच.

परंतु या सर्वांत मोलाचे कलम वेगळेच आहे, आणि त्याच्याकडे इतिहासकारांचे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. त्या कलमाने ऋणकोला स्वतः होऊन कोर्टात जाण्याचा आणि ‘माझे देणे नक्की किती आहे ते ठरवून द्या’ असा दावा करण्याचा अधिकार दिला. तोवर कोर्ट म्हणजे सावकाराचा दरवाजा. कुणबी तेथे ओढून नेला जाई. या कलमाने तो दरवाजा दोन्ही अंगांनी उघडला. देण्याचा आकडा ठरला की त्याचे हप्ते बांधून देण्याची कोर्टाला मुभा होती. गहाण सोडविण्याच्या दाव्यातही तीच रीत होती. घर किंवा शेत लिलावात जाण्याची वाट पाहत बसण्याऐवजी माणसाने लिलावाच्या कितीतरी आधी पाऊल उचलावे, अशी ही योजना. तिचा लाभ ज्यांनी घेतला त्यांना तो झाला. पण संकट दारात येईपर्यंत त्याच्याकडे पाठ फिरवून बसणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि सावकाराशी उघड दावा मांडला तर पुढच्या पेरणीला बी कोण देणार, ही भीती त्याहूनही जबर होती.

दाव्याच्या आधी आणखी एक पायरी होती. सरकारने गावोगावच्या प्रतिष्ठित गृहस्थांतून तडजोड करून देणारे नेमले होते. लोक त्यांना ‘कन्सिलिएटर’ याच नावाने ओळखीत. त्यांच्याकडे जाऊन, समेट होत नाही असा दाखला आणल्याशिवाय सावकाराला कोर्टाची पायरी चढता येत नसे. काही ठिकाणी हे गृहस्थ खरोखर उपयोगी पडले. काही ठिकाणी ते सावकाराचेच स्नेही निघाले, आणि त्यांच्यापुढे झालेल्या समेटाला हुकूमनाम्याचे बळ असल्यामुळे कुणबी पूर्वीसारखाच बांधला गेला. पुढे ही व्यवस्था काढून टाकण्यात आली.

या कायद्याची अंमलबजावणी नीट होते की नाही हे पाहण्यासाठी स्पेशल जज्ज हा अधिकारी नेमलेला असे. १८८७ पासून १८९३ साली हायकोर्टात नेमणूक होईपर्यंत या जागेवर महादेव गोविंद रानडे होते. चारही जिल्ह्यांतून फिरावयाचे, मुक्कामाला उतरावयाचे, तेथील कोर्टाची दप्तरे मागवून निकाल तपासावयाचे, असे ते काम होते. या काळातील फिरतीचे चित्र रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात सापडते. रानडे हे कायद्याचे पुरस्कर्ते असले तरी त्यावर संतुष्ट नव्हते. सावकाराचा हात आखडता करावयाचा आणि त्याच्या जागी कर्ज देणारा दुसरा उभा करावयाचा नाही, यात कुणब्याची कोंडी आहे हे त्यांना स्पष्ट दिसत होते. म्हणून विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना आखली तेव्हा रानड्यांनी तिला पाठिंबा दिला. हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले, परंतु लंडनमध्ये भारतमंत्र्यांनी मान्यता दिली नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर १९०४ मध्ये झाला.

आता मूळ प्रश्न, घराचा. १८७७ च्या सुधारलेल्या दिवाणी कायद्याने जप्तीतून वगळावयाच्या वस्तूंच्या यादीत एक चमत्कारिक नोंद घातली: शेतकऱ्याच्या मालकीच्या व त्याच्या वापरातील घराचे ‘सामान’. घराऐवजी सामान का, असा प्रश्न शहरातील वाचकाला पडेल. देशावरील माळवदाच्या घरात भिंती मातीच्या किंवा दगडामातीच्या. त्यांत पैसा येणारी वस्तू म्हणजे खांब, तुळया, दारे, चौकटी. लिलावात घर घेणारा ते लाकूड काढून विकी, आणि उरलेल्या मातीच्या ढिगाला घर म्हणण्याचे कारण राहत नसे. करड्यालाही घर पाडण्यावरूनच गाव खवळले होते. १९०८ च्या दिवाणी कामाच्या संहितेत ही नोंद अधिक सरळ झाली. साठाव्या कलमान्वये शेतकऱ्याचे राहते घर, त्याचे सामान, खालची जागा आणि लागून असलेली जरुरीपुरती जमीन यांना जप्तीपासून मोकळीक मिळाली. १९७६ च्या दुरुस्तीने मजूर आणि घरकामगार यांच्या राहत्या घरांनाही ती लागू झाली. १८७९ च्या कायद्याने तर चार जिल्ह्यांतील शेतकऱ्याची सर्वच स्थावर मिळकत हुकूमनाम्याच्या जप्तीतून मोकळी केली होती.

मोकळी केली, पण एक अट घालून. ती मिळकत त्याच कर्जासाठी मुद्दाम गहाण दिलेली नसावी. दोनतृतीयांश कर्ज गहाणावर दिलेले आहे, असे चौकशी-मंडळाने सांगितले होते, ते येथे आठवावे. सावकारांना कायद्याचा हा सांधा दिसावयास वेळ लागला नाही. साध्या खतावर पैसे देणे त्यांनी कमी केले आणि घर-शेताचे गहाणखत मागू लागले. न्यायाधीश गहाणाचाही हिशेब उकलू लागले, तेव्हा सावकारांनी गहाणखतही सोडले आणि सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. व्यवहार कर्जाचाच, पैसे परत आले की मिळकत परत, हा करार तोंडी, कागदावर मात्र कायमची विक्री. घरधनी आपल्याच घरात भाडेचिठ्ठी लिहून राहू लागला. भाडे म्हणजे व्याजच. पैसे घेऊन तो परत आला की सावकार खरेदीखत पुढे करी, आणि लेखी दस्तऐवजाच्या विरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही हा पुराव्याच्या कायद्यातील नियम सावकाराच्या मदतीला उभा राही.

हा सांधा बुजविण्यास विसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडले. तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळाने दुरुस्ती करून ‘दहा-अ’ हे कलम घातले. दिसावयास विक्री असलेला व्यवहार वस्तुतः गहाणाचा होता की काय, हे ठरविण्यासाठी तोंडी पुरावा व आजूबाजूची परिस्थिती पाहण्याचा अधिकार त्याने कोर्टांना दिला. मग कोर्टे विचारू लागली: विकत घेणारा ताब्यात आला का? दिलेली किंमत बाजारभावाला धरून होती, की तिच्या निम्मीच? भाडे दरसाल नेमके व्याजाइतकेच कसे? विकल्यानंतरही घराची डागडुजी कोण करीत होता? या प्रश्नांच्या जोरावर ‘विकलेली’ घरे व शेते पुन्हा गहाण ठरली, त्यांचे हिशेब उघडले गेले आणि हप्ते बांधून मिळाले. १९३९ मध्ये आणि पुन्हा १९४७ मध्ये मुंबई सरकारने शेतकरी ऋणकोंसाठी जे नवे कायदे केले, त्यांतही व्यवहाराचे खरे स्वरूप तपासावयाचे व मुळापासून हिशेब मांडावयाचा, हीच पद्धत घेतली गेली.

शहरातील कारकुनाला, विणकराला, छोट्या दुकानदाराला १८७९ च्या कायद्याचा आधार नव्हता. तो शेतकऱ्यापुरता होता. शेतकरी कोण, या व्याख्येवर त्यामुळे कोर्टात अतोनात वाद झाले. घर वाचविण्यासाठी आपण शेतीवर पोट भरतो हे सिद्ध करावयास लोक सातबाऱ्याचे उतारे घेऊन येत, आणि ते पोट शेतीवर भरते की नोकरीवर, याचा हिशेब न्यायाधीशाला रुपये-आणे-पैमध्ये करावा लागे.